पाळी चुकल्यानंतरचे आठवडे

या पुस्तकाचा विषय फार थोड्या काळाचा आहे. पाळीची तारीख टळते तिथे तो सुरू होतो आणि गर्भवतीची नोंद होऊन पहिली तपासणी पार पडते तिथे संपतो. सगळे सुरळीत असले तर हे दोन-तीन आठवड्यांत उरकते. आपल्याकडे मात्र पुष्कळ घरांत त्याला तीन-तीन महिने लागतात. या मधल्या काळात बाईच्या शरीरात काय घडते, ते तिला कशावरून कळते, कशावरून चुकीचे कळते आणि कळल्यावर ती कोणाला सांगते, एवढ्याच प्रश्नांभोवती पुढची प्रकरणे फिरतात. प्रसूतिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत या काळाच्या वाट्याला एखादे प्रकरण येते. माझ्या मते तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. परिचारिका, आशा कार्यकर्त्या, वैद्यकाचे विद्यार्थी आणि ज्यांच्या घरात हा प्रश्न आज उभा आहे अशा सगळ्यांनी या अभ्यासात यावे, म्हणून ही प्रस्तावना.

आधी कालगणना समजून घेऊ, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. नवख्याला हे खटकते, कारण त्या दिवशी गर्भ असण्याचा प्रश्नच नसतो. २८ दिवसांच्या चक्रात बीज सुटते ते साधारण चौदाव्या दिवशी. पण गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे क्वचितच कोणी सांगू शकते. पाळीची तारीख बहुतेकींना सांगता येते, निदान यायला हवी. या हिशेबाने पाळी चुकते त्या दिवशी चार आठवडे भरलेले असतात. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजते ते बीज सुटल्यावर बहुधा आठव्या ते दहाव्या दिवशी. रुजल्याबरोबर पुढे ज्यांची वार होणार त्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक रक्तात सोडू लागतात आणि सुरुवातीला त्याचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जाते. पुढच्या बहुतेक खुणांच्या आणि सगळ्या चाचण्यांच्या मुळाशी हे संप्रेरक आहे.

आता घाई कशाची, ते पाहा. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असताना. ती नीट मिटावी म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यायला सांगतात. ते खरे तर दिवस जाण्याच्या आधीपासूनच सुरू असायला हवे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हृदयाचे स्पंदन सोनोग्राफीत दिसू लागते. दहावा आठवडा संपेपर्यंत बहुतेक अवयवांची मांडणी झालेली असते. १९६१ साली बाजारातून मागे घेतलेल्या थॅलिडोमाइडच्या गोळीने हजारो मुले हातपाय अर्धवट वाढलेल्या स्थितीत जन्मली. पुढच्या अभ्यासात दिसले की ती गोळी घातक ठरली ती गर्भधारणेनंतरच्या विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांच्या आसपास घेतली गेली तर. कित्येक आयांना त्या दिवसांत आपण गरोदर असल्याची पक्की खात्रीही नसेल. फिट्सवरची काही औषधे, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी, रक्त पातळ करणारे वॉरफरिन यांची गोष्टही अशीच आहे. मधुमेह असलेल्या बाईची साखर, थायरॉइडच्या गोळीचा डोस, तंबाखूची मिसरी हे सारे याच आठवड्यांत तपासायला हवे. तीन महिन्यांनी कळून त्याचा बराचसा उपयोग निघून गेलेला असतो.

आणि नेमके हेच आठवडे आपल्याकडे न बोलण्याचे आहेत.

इंदूरचेच उदाहरण घ्या. इथली मराठी वस्ती होळकरांच्या काळापासूनची. रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात आजही अशी घरे आहेत की जिथे बाजारात हिंदी, शेजारी माळवी आणि देवघरात मराठी बोलतात. तिथे सून ‘बाहेरची’ बसत नसली, तरी तिने चारच दिवस वर काढले की सासूच्या ते लक्षात येते. मग तोंडावर बोट. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, माहेरीसुद्धा नाही. तिसरा महिना लागला की एखाद्या तिन्हीसांजेला चोरओटी भरतात. घरातल्या आणि अगदी जवळच्या चार-पाच सवाष्णी, खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू; गाणी नाहीत, फोटो नाहीत, आमंत्रणे नाहीत. गाजावाजा होतो तो सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाला, फुलांच्या वाडीला, झोपाळ्याला.

चोरओटीला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. ज्या गर्भधारणा कळून येतात त्यांतल्या शंभरातल्या सुमारे दहा आपोआप गळून पडतात आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. गावभर पेढे वाटून झाल्यावर जिला हे सोसावे लागते तिला प्रत्येक दाराशी पुन्हा तेच सांगत फिरावे लागते. त्यातून तिला वाचवण्याची ही रीत आहे, आणि रीत म्हणून ती शहाणपणाची आहे. अडचण अशी, की शेजारणीपासून लपवलेली गोष्ट आपोआप डॉक्टरांपासूनही लपते. ‘तीन महिने होऊ देत, मग दाखवू’ हे वाक्य इंदूरच्या कुठल्याही दवाखान्यात ऐकायला मिळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत पहिल्या तीन महिन्यांत तपासणीला गेलेल्या मातांचे देशातले प्रमाण ५८.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ७० टक्क्यांवर आले. सुधारणा मोठी आहे. तरीही दर दहांमागे तिघी उशिरा जातात किंवा जातच नाहीत. माझे या पुस्तकातले म्हणणे एवढेच आहे, की चोरओटी खुशाल तिसऱ्या महिन्यात भरा, पण डॉक्टरांना, नाहीतर आशाताईंना, पाळी चुकल्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सांगा.

या अभ्यासाला आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ नुकताच राहिलेल्या स्त्रीची लक्षणे वेगळी दिली आहेत आणि गर्भ स्पष्ट झालेल्या स्त्रीची वेगळी. पहिल्या यादीत थकवा, ग्लानी, तहान, मांड्या गळून जाणे अशी लक्षणे येतात. दुसरीत स्तनाग्रे काळसर होणे, पोटावर केसांची रेघ उमटणे, पापण्या जड होणे, काही कारण नसता ओकारी येणे, चांगल्या वासाचाही वीट येणे, तोंडाला पाणी सुटणे. ज्याने कोणी हे नोंदवले त्याने गर्भवतींकडे बारकाईने आणि आदराने पाहिले होते. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्याच्या इच्छा आईच्या तोंडून बोलतात, ही त्याची उपपत्ती आज टिकत नाही. निरीक्षणे मात्र जशीच्या तशी टिकली आहेत.

या परंपरेला आधुनिक वैद्यकाशी नेऊन भिडवले ते एका मराठी मुलीने. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले, हे लक्षात ठेवून तो विषय पाहावा. त्यांना स्वतःला जेमतेम एकवीस वर्षांचे आयुष्य लाभले. मराठीत या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपला आरंभ त्यांच्यापासून मोजावा, असे मला मनापासून वाटते.

युरोपात हेच काम एकोणिसाव्या शतकात जोराने सुरू झाले. १८२१ मध्ये केर्गारादेक या फ्रेंच वैद्याने स्टेथोस्कोप गरोदर बाईच्या पोटाला लावला. गर्भजलाचा आवाज ऐकू येतो का, एवढेच त्याला पाहायचे होते. ऐकू आले ते बाळाच्या हृदयाचे ठोके. डब्लिनच्या विल्यम माँटगोमेरी यांनी १८३७ मध्ये गर्भाच्या लक्षणांवर एक अख्खे पुस्तक लिहिले. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळात उठून येणाऱ्या बारीक पुटकुळ्यांना आजही त्यांचेच नाव आहे. पुढे गर्भाशयाच्या मुखाचा निळसर रंग, त्याच्या मानेचा मऊपणा अशा खुणांची भर पडली. पण या सगळ्या खुणांना डॉक्टरची बोटे लागत, आणि आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत.

इंदूरमध्ये ही कोंडी फुटायला सुरुवात झाली ती १८८०च्या दशकात. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी आणि डॉ. मॅरियन ऑलिव्हर येथे आल्या आणि १८९१ मध्ये बायकांसाठी रुग्णालय उभे राहिले. तरी मला या शहरात सगळ्यांत जवळचे वाटते ते नाव डॉ. भक्ती यादव यांचे. १९२६ मध्ये उज्जैनजवळच्या महिदपूरला एका मराठी घरात त्यांचा जन्म झाला. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत त्या एकट्याच मुलगी होत्या आणि एमबीबीएस होणाऱ्या या शहरातल्या पहिल्या स्त्री. सरकारी नोकरी न पत्करता त्या नंदलाल भंडारी प्रसूतिगृहात गेल्या, जिथे गिरणी कामगारांच्या बायका येत. ते बंद झाल्यावर परदेशीपुऱ्यात ‘वात्सल्य’ सुरू केले आणि गरीब बायकांकडून पैसे घेतले नाहीत. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ९१व्या वर्षी, त्या गेल्या. कापडगिरण्यांच्या त्या भागात सोनोग्राफीचे यंत्र पोचण्याच्या किती तरी आधी त्यांच्या हाती निदानाची साधने होती ती पाळीची तारीख, विचारपूस आणि हाताची बोटे. डॉक्टर बाई आहे, आपली भाषा बोलते आणि पैशांसाठी अडवत नाही, हे कळले की बाई लवकर येते. लवकर ओळखण्याच्या शास्त्रात हा भाग औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

आता लक्षणांकडे. त्यांत पहिला मान पाळी चुकण्याचा. चक्र नियमित असलेल्या बाईची पाळी आठवडाभर लांबली, तर बाकी काही जाणवो न जाणवो, चाचणी करावी. त्यासाठी तारीख माहीत हवी. कित्येक घरांत स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीचा एक बारीक ठिपका असतो. दुधाचा खाडा मांडतात त्याच चौकोनात, कोपऱ्याला, दुसऱ्या कोणाला अर्थ लागू नये असा. ज्या बाईच्या घरात हा ठिपका आहे तिचे निदान अर्धे झालेले असते. हल्ली मुली मोबाइलमधल्या ॲपवर नोंद ठेवतात, तेही चांगलेच. मात्र पुढची पाळी कधी येणार हे ॲप अंदाजाने सांगते, आणि चक्र मागेपुढे होत असेल तर तो अंदाज कोसळतो.

पाळी चुकण्याच्या आधीच काहींना स्तन जड वाटू लागतात. झंपरचा स्पर्शही नकोसा व्हावा इतके ते हुळहुळे होतात. पाळीच्या आधीही असे होतेच, म्हणून बाई ते अंगावर काढते. फरक एवढाच, की पाळी आली की ते उतरते आणि दिवस गेले असतील तर वाढत जाते. पाठोपाठ येते ती झोप. दुपारी भांडी आवरून बसली की डोळे मिटतात, संध्याकाळी कणीक मळताना हात गळतात. प्रोजेस्टेरॉन वाढल्याने असे होते. सुश्रुताच्या पहिल्या यादीतली ग्लानी ती हीच. घरात मात्र याला आळस म्हणतात आणि बोलणी बसतात, म्हणून हे लक्षण घरातल्या पुरुषांनी आणि सासवांनी आवर्जून वाचावे.

मळमळ सहसा पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बहुतेकींची सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. शंभरातल्या सुमारे सत्तर जणींना ती होते. म्हणजे तीस जणींना होत नाही, आणि त्यांचीही बाळे ठणठणीत असतात. इंदूरमध्ये सकाळ उगवते ती पोह्यांवर. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेत ठेवलेले पोहे, वर शेव, बारीक कांदा आणि जीरावणाची चिमूट. ज्या वासाने एरवी भूक खवळते त्या वासाने पदर नाकाशी गेला, की जाणत्या बाईच्या मनात शंका येते. चांगल्या वासाचाही वीट, असे संहितेने म्हटले ते हेच. असे का होते याचा बराचसा उलगडा २०२३च्या अखेरीस झाला. जीडीएफ-१५ नावाचे एक संप्रेरक गर्भ आणि वारेकडून आईच्या रक्तात येते आणि मेंदूतल्या मळमळीच्या केंद्राला डिवचते. ज्यांच्या शरीराला गरोदरपणाआधी या संप्रेरकाची सवय कमी असते त्यांना त्रास जास्त होतो. ओकाऱ्या म्हणजे लाड नव्हेत, हे आता संशोधनातून दाखवता येते. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन घटत असेल, तर ‘डोहाळे कडक आहेत’ म्हणून थांबू नये. सलाइनची गरज असते.

वारंवार लघवीला लागणे, पोट फुगल्यासारखे वाटणे, तोंडाला धातूची चव येणे, उगाच रडू येणे ही लक्षणेही खरी आहेत, पण एकेकटी कामाची नाहीत. बाळाची हालचाल तर या पुस्तकाच्या कक्षेतच बसत नाही. पहिलटकरणीला ती अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास कळते.

लक्षणे फसवतात, आणि दोन्ही बाजूंनी फसवतात. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी सुरूच झालेली नसते, तिला पाळी न येताच पुन्हा दिवस जातात आणि पोट दिसू लागेपर्यंत पत्ता लागत नाही. चाळिशी ओलांडलेली बाई पाळी जाण्याचे वय आले म्हणून गप्प बसते. पीसीओएस असलेल्या मुलीला दोन-दोन महिने पाळी न येणे नवीन नसते. काहींना पाळीच्या सुमारास थोडा डाग जातो, तीच पाळी समजून त्या महिनाभर चुकीचा हिशेब धरतात आणि मग बाळाची वाढ कमी आहे की तारीख चुकली आहे, हा पेच पडतो. म्हणून पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून वय ठरवतात. त्यात फरक राहिलाच तर चार-सहा दिवसांचा. उलट थायरॉइडचे विकार, अपुरे पोषण, मोठा मानसिक धक्का यांनीही पाळी चुकते. मूल हवे म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहणारी बाई तर प्रत्येक दिवस उशिराचा मोजते आणि तिचे शरीर तिला खरोखरची मळमळ दाखवते. तिला कोणी हसू नये.

म्हणून शरीराच्या खुणा शंका घेण्यापुरत्या, आणि खात्रीसाठी चाचणी. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी १९२८च्या सुमारास बायकांची लघवी उंदरांच्या पिल्लांना टोचून, ती मारून, त्यांची बीजकोषे तपासून निदान करून दाखवले. मग ससे आले, दक्षिण आफ्रिकेतले बेडूक आले. १९६० मध्ये स्वीडनच्या वीडे आणि गेमझेल यांनी प्राण्यांची गरज संपवून हे काम परीक्षानळीत आणले. १९६७ मध्ये न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत चित्ररचनेचे काम करणाऱ्या मार्गारेट क्रेन यांनी प्रयोगशाळेतल्या नळ्यांची ओळ पाहिली आणि हे बाईला घरी का करता येऊ नये, असा प्रश्न विचारला. त्यांनी केलेल्या नमुन्याला कंपनीतच विरोध झाला, पण वस्तू अखेर बाजारात आली.

आपल्याकडे त्याच काळात वेगळाच प्रकार चालला होता. पाळी चुकली की इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जबर मात्रेच्या गोळ्या द्यायच्या; पाळी आली तर गर्भ नाही, न आली तर आहे, असे निदान. गर्भ असला तर त्याच्यावर त्या औषधाचा मारा होत असे. देशभरच्या स्त्रीसंघटनांनी याविरुद्ध लढा दिला आणि १९८८ मध्ये या गोळ्यांवर बंदी आली. सवय मात्र पुरती गेलेली नाही. औषधाच्या दुकानात जाऊन ‘पाळी यायची गोळी’ मागणाऱ्या बायका आजही आहेत. चाचणी केल्याशिवाय अशी कोणतीही गोळी घेऊ नये.

आजची चाचणी तळहातावर मावते. पांढरी प्लॅस्टिकची चपटी पट्टी, तिच्यात एक गोल खळगा, सोबत ड्रॉपर. सकाळची पहिली लघवी घ्यावी, कारण रात्रभरात ती घट्ट झालेली असते. पाकिटावर लिहिले असतील तेवढेच थेंब खळग्यात टाकावेत आणि सांगितलेली मिनिटे वाट पाहावी. ‘सी’पाशी रेघ उठलीच पाहिजे, ती नसेल तर पट्टीच खराब. ‘टी’पाशीही रेघ आली, फिकट का असेना, तर दिवस गेलेले आहेत असे धरून चालावे. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले तर वाळलेल्या पट्टीवर भलतीच रेघ दिसू शकते, ती मोजू नये. ‘टी’ कोरा राहिला आणि तरी पाळी येत नसेल तर चार-पाच दिवसांनी पुन्हा चाचणी करावी; बीज उशिरा सुटले असेल तर एचसीजी अजून पुरेसे चढलेले नसते. आशा कार्यकर्त्यांकडे ‘निश्चय’ या नावाची हीच पट्टी मोफत मिळते.

एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. ती पट्टी पहिल्यांदा बघण्याचा हक्क त्या बाईचा. कित्येक घरांत पट्टी नवरा आणतो आणि सासू वाचते. सगळ्यांच्या घरी ही बातमी आनंदाचीच असते असेही नाही. पहिले मूल सात महिन्यांचे असताना, लग्न झालेले नसताना, प्रकृती साथ देत नसताना दोन रेघा दिसल्या, तर त्या बाईला विचार करायला वेळ आणि विश्वासाचे माणूस लागते. १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करता येतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. जितके लवकर कळेल तितके हे सोपे आणि सुरक्षित असते. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे मात्र १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे.

जिचा गर्भ पहिल्या आठवड्यांत पडतो तिच्याबद्दल पुस्तकात एक वेगळे प्रकरण आहे, आणि ते लिहिताना मी सर्वांत जास्त वेळ घेतला. अशा गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचीच जुळणी बिघडलेली असते. जिना चढल्याने, पपईची एक फोड खाल्ल्याने, नवऱ्याजवळ गेल्याने, कोणाची दृष्ट लागल्याने ते झालेले नसते. हे तिला कोणीतरी मोठ्याने आणि घरातल्या सगळ्यांसमोर सांगायला हवे.

पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. आशा आणि परिचारिका भगिनींनी नोंदीचे आणि चाचणीचे प्रकरण आधी घ्यावे. विद्यार्थ्यांनी संप्रेरकांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. पाळी चुकली आहे आणि पोटात एका बाजूला कळ येते, थोडे अंगावर जाते, घेरी येते किंवा खांद्याच्या टोकाशी दुखते, अशी कोणी वाचक असेल तर तिने मात्र पुस्तक बाजूला ठेवावे. शंभरात एक-दोघींचा गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजनलिकेत रुजतो. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जातो. पट्टीवर अशा वेळीही दोन रेघाच दिसतात. घरच्या घरी गर्भपाताची गोळी घेऊन हा गर्भ जात नाही. १०८ला फोन करून गाडी बोलवावी, नाहीतर रिक्षाने थेट मोठे रुग्णालय गाठावे, आणि दारातच सांगावे: पाळी चुकली आहे, शेवटच्या पाळीची तारीख ही, आणि दुखते आहे ते इथे.